जयश्रीबाईंचं साल

जे मोजता येतं त्याच्याशी भांडता येतं आणि जे मोजता येत नाही त्याच्यापुढे हात टेकावे लागतात, असं जयसिंगराव मोहित्यांचं ठाम मत होतं. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं दुसरं कसलं मत असणार? सातारा जिल्ह्यातले निम्मे बांध त्यांनी पायांखाली घातले होते. कुऱ्हाडी घेऊन एकमेकांच्या अंगावर धावलेल्या सख्ख्या भावांच्या मध्ये उभं राहून, “थांबा, आधी मोजू, मग काय ती मारामारी करा,” असं त्यांनी अनेकदा सांगितलं होतं, आणि मोजून झाल्यावर मारामारीतला जोर बहुधा ओसरलेला असे. म्हणूनच बायकोला स्मृतिभ्रंश झाला आणि डॉक्टर म्हणाले, “हे आता वाढत जाणार, किती ते सांगता येणार नाही,” तेव्हा त्यांना आजारापेक्षा त्या ‘किती ते सांगता येणार नाही’चाच जास्त राग आला.

२०४१च्या जानेवारीत कराडच्या स्मृतिकेंद्रात ‘कालवेध’ नावाचं यंत्र आल्याचं त्यांना कळलं. पहिल्याच दिवशी ते जयश्रीबाईंना घेऊन रांगेत हजर झाले. पहिला नंबर त्यांचाच होता, कारण केंद्राचं कुलूप उघडायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसले होते.

यंत्र म्हणजे कानामागे चिकटवायची करंगळीएवढी पट्टी आणि वहीएवढा पडदा. ते बनवणारी नौशीन मुजावर ही कराडचीच मुलगी. पुण्यात शिकून, चार वर्षं परदेशात काढून ती परत आली होती. वय चौतिशीचं, आणि बोलताना समोरच्याला कळलंय की नाही हे त्याच्या डोळ्यांत बघून ठरवायची चांगली सवय.

“काका, ओळखीचं काही कानावर पडलं की मेंदूत एक लाट उठते,” तिनं सांगितलं. “सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात. तोंडातून शब्द फुटायच्या कितीतरी आधी. माणसाला उत्तर देता आलं नाही तरी लाट उठतेच, ती कुणाला थोपवता येत नाही. ही पट्टी ती लाट मोजते.”

“आणि तुम्ही कानात काय टाकता?”

“जुने आवाज. स्टोव्हला पंप मारल्याचा, फोनची डायल फिरवल्याचा, पहिल्या मोबाइलच्या रिंगचा. शिवाय त्या त्या काळात लोकांच्या तोंडी असलेले शब्द. प्रत्येकाचं साल आम्हाला माहीत आहे. कोणत्या सालाच्या आवाजांना मोठी लाट येते आणि कोणत्या सालानंतर लाट येतच नाही, हे बघितलं की काकू मनानं आज कोणत्या सालात राहतात ते कळतं.”

जयसिंगरावांचे डोळे चमकले. “म्हणजे बाईंचं साल काढता तुम्ही!”

“तसंच. कणगीत धान्य भरतो ना, त्यात शेवटी ओतलेलं वर असतं. या आजारात वरचं आधी सांडतं, तळाचं शेवटपर्यंत राहतं. आणि काका, अशा माणसांचा त्रागा पुष्कळदा आजाराचा नसतोच. ते एका सालात असतात आणि घरचे त्यांच्याशी दुसऱ्या सालातलं बोलत असतात. आपल्याला कुणी उठताबसता सांगितलं की ‘तुझी आई मेली, तुझं घर विकलं, हा मिशावाला तुझा मुलगा,’ तर आपण काय करू? साल कळलं की त्या सालात जाऊन त्यांच्याशी बोलता येतं.”

जयसिंगरावांना हे इतकं पटलं की त्यांनी माहितीपत्रक तिथल्या तिथे, आपल्या सुवाच्य सरकारी अक्षरात भरून दिलं. पट्टी लावली. जयश्रीबाई हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून बसल्या होत्या. आवाज सुरू झाले. पाऊण तास गेला.

पडद्यावर सरळ रेघ होती. खाली अक्षरं आली : प्रतिसाद नाही.

“होतं कधीकधी,” नौशीन म्हणाली. पण तिचा चेहरा ते बोलत नव्हता. केंद्राचा नियम जयसिंगरावांना मागाहून कळला. पंधरा पंधरा दिवसांनी तीन तपासण्या करायच्या. तिन्ही कोऱ्या आल्या तर रुग्ण शेवटच्या पायरीवर पोचला असं धरायचं, घरी येणारी नर्स बंद करायची आणि पुण्याच्या शुश्रूषागृहात हलवायची शिफारस करायची. नर्सशिवाय शहात्तर वर्षांच्या माणसाला घरी हे झेपणारं नव्हतं, हे जयसिंगरावांना मोजल्याशिवायही कळत होतं. पुण्यात राहणाऱ्या रणजितनं, त्यांच्या मुलानं, तर जागा बघूनच ठेवली होती.

“बाबा, आई तुम्हाला ओळखत नाही, हाकेला ओ देत नाही. तिथे निदान तिची नीट काळजी घेतील,” तो फोनवर म्हणाला.

“ती घरातच राहील,” जयसिंगरावांनी फोन ठेवला. पन्नास वर्षं ती त्यांच्या घरात होती. तिच्यावाचून घर म्हणजे काय, याचा त्यांना अंदाजच करता येत नव्हता, आणि अंदाज करता न येण्याची त्यांना सवय नव्हती.

दुसरी तपासणीही कोरी आली. या वेळी मात्र जयसिंगरावांमधला मोजणीदार जागा झाला.

“मुजावर मॅडम, एक विचारतो. लाट मोठी का छोटी, हे कशाच्या मानानं ठरवता?”

नौशीननं वर बघितलं. हा प्रश्न तिला आजवर डॉक्टरांनीसुद्धा विचारला नव्हता. “स्वतःच्या नावाच्या मानानं. कुणाच्याही मेंदूत सगळ्यात उंच लाट स्वतःच्या नावाला उठते. झोपेतसुद्धा. ती आम्ही शंभर धरतो आणि बाकीच्या लाटा तिच्या हिशेबानं मोजतो. दर दोन मिनिटांनी काकूंच्या कानात त्यांचं नाव घेतलं जातं.”

“आणि नावालाच लाट उठली नाही तर?”

“तर मग मोजायला आधारच राहत नाही. यंत्र कोरी रेघ दाखवतं. पण नावाला लाट न उठणं म्हणजे अगदीच शेवट, काका.”

जयसिंगरावांना मसूर गावाकडची एक मोजणी आठवली होती. तीनदा मोजली तरी प्रत्येक वेळी नऊ फूट कमी भरत होती. लोक साखळीला दोष देत होते, मोजणीदाराला शिव्या घालत होते. शेवटी निघालं काय, तर ज्या दगडापासून मोजायला सुरुवात करायची तो हद्दीचा दगडच कुणीतरी पूर्वी उचलून दुसरीकडे रोवला होता. मोजणी बरोबर होती, दगड चुकीच्या जागी होता.

घरी येऊन त्यांनी माहितीपत्रकाची प्रत काढली. पहिल्या ओळीत त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : जयश्री जयसिंग मोहिते. त्यांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्या ओळीतले तिन्ही शब्द त्यांचेच होते.

लग्नात ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं त्यावर ‘जयश्री’ लिहिलं तेव्हा मित्रांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जयसिंगची जयश्री! मोजणी खात्यातल्या साहेबाच्या बायकोला शोभेल असं नाव. त्याआधीचं नाव त्यांना अगदीच खेडवळ वाटलं होतं, आणि नवऱ्या मुलीला काय वाटतं हे विचारायची तेव्हा कुठे रीत होती? लग्नानंतर ते जुनं नाव कुणाच्याच तोंडी राहिलं नाही. माहेरचे भाऊ तिला आक्का म्हणत, रणजित आई म्हणे, नातवंडं आजी म्हणत. जयश्री म्हणणारे तिघेच : जयसिंगराव, बँक आणि रेशनकार्ड.

चूक सापडली होती. सांगायला फक्त एक फोन पुरे होता. आणि जयसिंगरावांनी तो पंधरा दिवस केला नाही.

याला लाज म्हणावी तर ती होतीच. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. समजा, त्या जुन्या नावाला लाट उठली, तर त्याचा अर्थ सरळ होता. बायको जिथे राहते तिथे जयसिंग मोहिते नावाचा माणूस अजून आलेलाच नाही. कोरी रेघ असेपर्यंत निदान ती त्यांना विसरली होती. विसरायला आधी ओळख असावी लागते. आता कदाचित तेवढंही उरणार नव्हतं.

तिसऱ्या तपासणीला रणजित पुण्याहून मुद्दाम आला होता, खिशात शुश्रूषागृहाचे कागद घेऊन. अर्धा तास झाला, रेघ सरळच. नौशीननं हळूच पडद्याकडे हात नेला.

“थांबा,” जयसिंगराव म्हणाले. “नाव चुकलंय.”

“काय चुकलं, बाबा?” रणजितनं विचारलं.

ते उठले, जयश्रीबाईंच्या खुर्चीजवळ गेले, वाकले आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा ते नाव त्यांनी उच्चारलं. “शालन.”

पडद्यावरची रेघ उसळली. इतकी, की नौशीन खुर्चीतून अर्धी उठली. पण पडद्याकडे कुणी बघत नव्हतं, कारण जयश्रीबाईंनी मान वर केली होती आणि खणखणीत आवाजात, खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं होतं, “व्हय! कोन हाय?”

रणजितनं आईचा हा आवाज जन्मात ऐकला नव्हता.

नौशीननं नाव बदलून सगळे आवाज पुन्हा लावले. वीस मिनिटांत साल आलं : १९८८, दोन वर्षं इकडेतिकडे. लग्न झालं होतं १९९१च्या मे महिन्यात.

“माझ्या डोक्यातच आलं नाही, काका,” नौशीन कपाळाला हात लावून म्हणाली. “आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलत नाहीत. आणि माझ्याबरोबर काम करणारी सगळी पंचविशीतली. त्यांच्या पिढीत कोण बदलतंय? माहितीपत्रकात नावाचा एकच रकाना ठेवला आम्ही, आणि तो भरतो कोण, तर नवरा नाहीतर मुलगा!” त्याच संध्याकाळी तिनं राज्यातल्या सगळ्या केंद्रांना कळवलं. ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा बसलेल्या बायकांच्या माहेरी विचारा, त्यांना लहानपणी काय म्हणून हाक मारत होते. महिनाभरात उत्तरं आली. अशा दर तीन बायकांमधली एक माहेरच्या नावाला जागी झाली होती. कितीजणी आधीच घराबाहेर हलवल्या गेल्या होत्या. जयसिंगरावांना हे सांगताना नौशीनचा आवाज कापला. मोजणीतली चूक कुणाच्या डोक्यावर पडते हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तिची समजूत घालायच्या फंदात ते पडले नाहीत. तिला चहा करून दिला.

जयश्रीबाई घरी राहिल्या. रणजित कागद घेऊन परत गेला. पण घरी आता दुसरीच बाई होती.

ही बोलत होती! सकाळी उठल्यापासून तोंडाचा पट्टा सुरू. गॅलरीत उभी राहून खालच्या भाजीवाल्याशी वाद घालत होती. एके दिवशी जेवताना तिनं सांगितलं की शाळेच्या खो-खोच्या संघाची ती कप्तान आहे, साताऱ्याच्या सामन्यात तिनं एका डावात सहा गडी मारले, आणि सातव्या वेळी पंचानं उगीच फाउल दिला म्हणून त्याच्याशी भांडण काढलं. जयसिंगरावांच्या हातातला घास हातातच राहिला. पन्नास वर्षं ते सगळ्यांना कौतुकानं सांगत आले होते की आमची ही स्वभावानंच अबोल. इतकी वर्षं एखाद्या जमिनीवर वावरून तिची एवढीही माहिती काढली नाही, असं त्यांच्या खात्यात कुणाचं झालं असतं तर त्याची वेतनवाढ रोखली असती.

यंत्राचा दुसरा उपयोग त्यांना याच सुमारास कळला. पट्टी नुसतं साल दाखवत नव्हती, हळूहळू पुढेही नेऊ शकत होती. एका सालाचे आवाज, उजेड आणि वास थोडे थोडे पुढच्या सालाचे करत जायचे. पाला दाखवत शेळी न्यावी तसा मेंदू मागोमाग येतो. फार वेळ टिकत नाही, पण तासभर टिकतं.

“मला ती ब्याण्णव सालात आणून द्या,” जयसिंगराव म्हणाले. “एकदाच. तासभर.”

“काका, काकूंना काय होईल सांगता येत नाही. त्या जिथे आहेत तिथे खूश आहेत.”

“मी नवरा आहे तिचा, मॅडम. ती मला रोज विचारते, तुम्ही कोण म्हणून.” त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवले नाहीत.

नौशीननं मान डोलावली. ब्याण्णव सालचा घरातला एखादा आवाज असेल तर हवा, असं ती म्हणाली. जयसिंगरावांनी कपाट उपसून चुलतबहिणीच्या लग्नाची जुनी चित्रफीत शोधली. तिच्यात त्यांच्या आईचा आवाज होता. पाहुण्यांना वाढायला सांगणारा, सगळ्यांवर करडी नजर ठेवणारा. घरचा आवाज तो. याहून चांगली खूण कुठली?

दुपारी केंद्रात पट्टी लावली. सालं पुढे सरकू लागली. एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव. जयश्रीबाईंची बडबड कमी होत होत थांबली. मग आईचा आवाज खोलीत घुमला.

त्या ताडकन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि मान खाली घातली. समोर जयसिंगराव बसले होते. त्यांच्या पायांकडे बघत त्या अगदी हळू म्हणाल्या, “वाढू का?”

तिनं ओळखलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा. जयसिंगरावांना एकदम भरून आलं.

“बस की गं, जयश्री. जरा बस माझ्याजवळ.”

“आत्याबाई बघतील.”

“कुणी बघत नाही. बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

नौशीन पडद्याकडे बघत होती. मिनिटाला एकशे अठरा ठोके. जयसिंगरावांनी पडदा बघितला नाही, हात बघितले. उजव्या हातानं ती डाव्या हाताची बांगडी सारखी फिरवत होती, मनगट लाल होईपर्यंत. हे हात त्यांनी हजारदा बघितले होते. स्वयंपाकघराच्या दारात, पाहुण्यांच्या मागे, आईच्या समोर. ते त्यांना कधी भ्यालेले वाटले नव्हते. ती तिची सवय आहे असंच त्यांना वाटत आलं होतं. आणि ‘काय बोलू?’ हा प्रश्नही तिनं किती वेळा विचारला होता! त्यावर त्यांनी दर वेळी ‘काही नाही’ म्हणून वर्तमानपत्र उघडलं होतं.

“सोडा तिला,” ते नौशीनला म्हणाले. “जाऊ दे तिला तिच्या सालात.”

तासाची मुदत होती. सात मिनिटं झाली होती.

संध्याकाळी रणजितला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो चिडला. “बाबा, म्हणजे आता तुम्ही तिच्यासाठी परका माणूस म्हणून राहणार? स्वतःच्याच घरात?”

“आहेच मी परका. तिला ते पन्नास वर्षं ठाऊक होतं, मला आत्ता कळलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले आणि गॅलरीत तिच्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

“कोन तुमी?” तिनं नेहमीसारखं विचारलं.

“मोजणी खात्यातला आहे,” ते म्हणाले. यात तरी काही खोटं नव्हतं.

“रानाची मोजनी हाय व्हय? दादा न्हाईत घरात. बसा. च्या घेनार?”

मग रोज सकाळी मोजणी खात्यातले साहेब येऊ लागले. रान कधीच मोजून होत नव्हतं आणि त्याची शालनला अजिबात घाई नव्हती. जयसिंगराव प्रश्न विचारत. विहीर कुठे आहे, पोहायला कुणी शिकवलं, भावानं झाडावरून ढकललं तेव्हा हात कुठे मोडला. तिच्या डाव्या हाताचं कोपर जरा वाकडं होतं. ते जन्मापासून तसं असेल असं ते धरून चालले होते. प्रश्न विचारायची त्यांना हौस लागली. घरी येणारी नर्स म्हणायची, काका, तुम्ही नव्यानं लग्न ठरलेल्या मुलासारखे वागताय. ते कानांपर्यंत लाल व्हायचे.

नौशीननं घरी वापरायला दिलेल्या पट्टीवरचं साल मात्र एका जागी राहत नव्हतं. कधी शहाऐंशी, कधी नव्वद. एप्रिलच्या एका सकाळी ते एक्क्याण्णव दाखवत होतं. चहा पुढ्यात ठेवून शालननं साहेबांना न्याहाळलं.

“सायेब, एक इचारू? राग न्हाई ना येनार?”

“विचार.”

“तुमच्या खात्यात एक मोहिते म्हनून हायती. कराडचं. जयसिंग मोहिते. वळखता?”

“ओळखतो,” जयसिंगराव म्हणाले.

“परवा मला बघायला येनार हायती.” तिनं आवाज खाली आणला. “मधल्या मानसाजवळ आधीच सांगून ठिवलंय, मुलीचं नाव बदलावं लागंल. जयश्री ठिवनार म्हनं. जयसिंगला जयश्री शोभतंय.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मला कोन इचारतंय?” ती हसली. “तुमीच पयलं. दादा चौकशी करून आलं, पर दादांना समदीच मानसं चांगली वाटत्यात. तुमी एका खात्यातलं. तुमी खरं सांगा. कसा हाय मानूस?”

खोटं बोलायची एवढी आयती संधी कुणाला मिळत नाही. स्वतःची शिफारस स्वतःच करायची, ऐकणारीला शंका येणार नाही, आणि बघणारं तिसरं कुणी नाही. पण वादाची मोजणी करताना कुठल्याही बाजूचा चहासुद्धा घ्यायचा नाही, हा नियम जयसिंगरावांनी छत्तीस वर्षं पाळला होता. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला.

“दारू नाही, जुगार नाही. हात उचलणार नाही. कामाला चोख आहे. कुणाचा फूटभर बांध इकडचा तिकडे करणार नाही.”

“मग चांगलाच की!”

“थांब, माझं झालं नाही. तो विचारत नाही. आपल्याला माहीत आहे तेवढंच खरं, असं धरून चालतो. समोरचं माणूस गप्प बसलं की त्याला वाटतं, सुखात आहे. आईपुढे त्याचं तोंड उघडत नाही. तुला त्रास होईल, आणि तो शेजारच्या खोलीत असून त्याला ते दिसणार नाही.”

शालनचा चेहरा पडला. “सुदारनार न्हाई कधी?”

“सुधारेल. पण वेळ लागेल.”

“किती?”

मोजून आलेला आकडा सांगायचाच असतो. “पन्नास वर्षं.”

“अगं बया!” शालन खदखदून हसली. “तवर मी म्हातारी हुईन की!”

जयसिंगरावही हसले आणि हसता हसता रडू लागले. ती आपल्याच हसण्यात होती, तिला ते कळलं नाही. रुमालानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, “मग काय करायचं? येऊ नकोस म्हणून निरोप देऊ त्याला?”

हा प्रश्न एक्क्याण्णव साली तिला कुणीच विचारला नव्हता. ना तिच्या दादांनी म्हणजे वडिलांनी, ना मधल्या माणसानं, ना त्यांनी. आज विचारला होता, आणि खरा विचारला होता, म्हणजे उत्तर ‘द्या निरोप’ असंही येऊ शकत होतं. तसं आलं तर ते कबूल करायचं, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं. उठायचं, आणि उद्यापासून नर्सला तिच्याजवळ बसवायचं.

शालन खाली रस्त्याकडे बघत राहिली. भाजीवाला येऊन गेला. तिला त्याच्याशी भांडायचंही भान नव्हतं.

“येऊ द्या,” शेवटी ती म्हणाली. “मानूस खोटा न्हाई, एवढं तुमच्या सांगन्यावरनं दिसतंय. पर त्येला माझा एक निरोप सांगा. पोहे खाऊन झाल्यावर मुलीला इचारायचं, तुला काय म्हनायचंय. आन नुसतं इचारून उठायचं न्हाई. बसायचं.”

“आणि नाव?”

“शालन. त्येला जमत नसलं तर येऊच नगो म्हनावं.”

“जमेल त्याला,” जयसिंगराव म्हणाले. “शालन, तुला काय म्हणायचंय?”

तिनं डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघितलं. “तुमाला येळ हाय का? लई हाय माझं.”

“बसलोय मी.”

“मग ऐका,” शालन म्हणाली, आणि करंगळी मुडपून तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.